पिठातली गोगलगाय

"लॅपटॉप इकडे दे! आत्ताच्या आत्ता!"

आतोबांचा आवाज इतका चढला, की काउंटरवरच्या बिस्किटांच्या बरण्या किणकिणल्या. झिपरी आणि तिचा धाकटा भाऊ शेपूट नुकतेच पाठीवर बॅगा घेऊन बेकरीच्या दारात पोचले होते. सुट्टी लागली की आत्याकडे यायचं हे त्यांचं ठरलेलं. दारात पाय ठेवला की आत्या आधी हातात गरम पाव द्यायची, मग गालगुच्चा घ्यायची आणि मगच "प्रवास कसा झाला" वगैरे विचारायची. आज पाव नाही आणि गालगुच्चाही नाही. आत्या भट्टीकडे तोंड आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. ताई, म्हणजे आत्याची मुलगी, लॅपटॉप छातीशी घट्ट धरून रडत होती.

"बाबा, मी नाही घेतली तुमची नाणी! किती वेळा सांगू?"

"मग कोणी घेतली? भुतानं? या घरात संगणक कळतो कुणाला? मला? तुझ्या आईला?"

"कळतो म्हणून मी चोर?"

"तोंड वर करून बोलू नकोस! तुझा तो सुट्टीतला कोर्स रद्द. ज्या शिक्षणानं घर लुटलं, तेच आणखी शिकायला पाठवू तुला?"

आतोबांनी लॅपटॉप हिसकावून घेतला, पिठाच्या पोत्यांच्या खोलीत नेऊन ठेवला आणि दाराला कुलूप ठोकलं. ताई जिन्यावरून धावत वर गेली. झिपरीनं आत्याकडे बघितलं. आता तरी ती काहीतरी बोलेल! पण आत्यानं फक्त भट्टीचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

"चल," कुणीतरी झिपरीची बाही ओढली. "मागच्या अंगणात. खटला समजावून सांगतो."

हा वकील. खरा वकील नव्हे, ताईचा धाकटा भाऊ, झिपरीच्याच वयाचा. केस कापणाऱ्याशीसुद्धा वाद घालून अर्धेच केस कापून घेणारा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. शेपटाचं नाव कसं पडलं हे सांगायची गरज नाही. झिपरी जाईल तिथे तो मागे असायचाच. आताही होता, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात काउंटरवरून लांबवलेलं बिस्कीट.

तिघं अंगणात पावाच्या रिकाम्या क्रेटवर बसले.

"तुला बाबांचं बातम्यांचं वेड माहीतच आहे," वकील म्हणाला.

झिपरीला माहीत होतं. आतोबा कणीक मळता मळता फोनवर तंत्रज्ञानाच्या बातम्या मोठ्यानं लावायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर एक बातमी फुकट द्यायचे. 'आता नोटा जाणार, सगळं डिजिटल होणार!' 'यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खाणार!' त्यावर कुणी चुकून "हो का?" म्हटलं, की मागची रांग खोळंबलीच म्हणून समजा.

"तर अशा आमच्या बाबांच्या दुकानात एक नाणेगुरू आला. पांढराशुभ्र शर्ट, चकचकीत बूट. पावसुद्धा कागदात गुंडाळून घेतो, बोटाला पीठ लागायला नको म्हणून. म्हणाला, 'डिजिटल नाणी म्हणजे उद्याचं सोनं! घ्या आणि डोळ्यांदेखत दुप्पट होताना बघा!' झालं! गॅरेजवाले काका, रंगारीदादा, शिंपीणकाकू, सगळी गल्ली पागल झाली. एकत्र घेतली तर स्वस्त पडतात म्हणून सगळ्यांची नाणी बाबांच्या फोनमधल्या डिजिटल पाकिटात जमा केली."

"आणि ताई?"

"ताई एकटी नको म्हणत होती. 'बाबा, नीट चौकशी करा, सगळ्यांची शिल्लक एका फोनवर ठेवू नका.' बाबा म्हणाले, कालची पोर मला अक्कल शिकवते! मग एक दिवस पाकीट उघडून बघतात, तर आत शुकशुकाट. गुरू काय म्हणाला माहितेय? 'फोन फुटला नाही, कुलूप तुटलं नाही. म्हणजे चोर घरातलाच! संगणक शिकलेलं कोण आहे तुमच्याकडे?' लगेच सगळ्या गल्लीनं वळून ताईकडे बघितलं."

झिपरी ताडकन उठली. तिचे विस्कटलेले केस रागानं आणखीच उभे राहिल्यासारखे दिसत होते. "काय न्याय आहे हा! जिनं सावध केलं, तिच्यावरच आळ? आणि ज्यानं गळ्यात नाणी मारली तो कुठाय?"

"तो रोज येतो! नाणी घेतली तेव्हापासूनच तो आम्हाला 'ऑनलाइन सुरक्षा' शिकवतो. वर आता आणखी एक नवं, जास्त सुरक्षित नाणं आणलंय म्हणे. आणि सगळे पुन्हा माना डोलावतायत!"

मोठ्या माणसांची ही जातच अजब! पोरांनी एक पेला फोडला तर दिवसभर लेक्चर, आणि यांनी सगळ्या गल्लीची शिल्लक उधळली तरी चूक मुलीचीच.

"ताईला कोर्सला पाठवायचंच," ती म्हणाली. "त्यासाठी चोर पकडायचा. बास!"

"पुरावा लागतो," वकील म्हणाला.

"मग शोधू पुरावा!"

पुरावा त्यांनी शोधला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेपटाला सापडला, तोही अगदी चुकून.

झिपरी पावाचे ट्रे पुसत होती. आतोबा अंघोळीला गेले होते. कणीक मळायच्या टेबलाखालून 'टुणूक टुणूक' असा आवाज येत होता. तिनं वाकून बघितलं, तर शेपूट मांडी घालून आरामात आतोबांच्या फोनवर बेडकांचा खेळ खेळत होता!

"शेपट्या! कुणी दिला तुला फोन?"

"टेबलावर होता."

"आणि उघडला कसा? त्याला पॅटर्न आहे ना? कुणी सांगितला तुला?"

शेपटानं मान वर न करता उत्तर दिलं, "कुणी कशाला सांगायला हवाय? त्याच्यावर काढलाय की!"

"कुठे?"

"पिठानं."

झिपरीनं फोन ओढून घेतला, बेडूक तसाच अर्ध्या उडीत राहिला. पडदा बंद करून तिनं फोन खिडकीच्या उजेडात तिरका धरला. काळ्या काचेवर पिठाची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. कोपऱ्यातून खाली, खालून आडवी, मग तिरकी वर. आतोबांची बोटं दिवसभर पिठात. भट्टीच्या आचेनं ती इतकी गुळगुळीत झालेली, की बोटाचा ठसा फोनला ओळखूच यायचा नाही. म्हणून पॅटर्न. आणि प्रत्येक वेळी फोन उघडताना आतोबा स्वतःच्या हातानं त्या पॅटर्नचं चित्र काचेवर काढून ठेवत होते!

तिनं हाक मारताच वकील धावत आला. त्यानं काच बघितली आणि डोक्यावर हात मारून घेतला. "म्हणजे संगणक यायची गरजच नाही! डोळे असलेला कुणीही हा फोन उघडू शकतो!"

"आणि डिजिटल पाकीट?"

"त्यालाही तोच पॅटर्न आहे. बाबा म्हणतात, दोन-दोन कोण लक्षात ठेवणार!"

"आणि हे आपल्याला बातम्या सांगतात!" झिपरी दात-ओठ खात म्हणाली. "सगळ्या जगाच्या सुरक्षेची काळजी, आणि स्वतःच्या दाराची किल्ली दारालाच टांगलेली! वर त्याची शिक्षा ताईला!"

"मी फक्त खेळत होतो," शेपूट घाबरून म्हणाला.

"तू फार मोठं काम केलंयस," झिपरी म्हणाली, आणि शेपटानं लगेच दुसरं बिस्कीट मागितलं.

आता प्रश्न एवढाच होता, की आतोबांचा फोन शांतपणे हातात घेऊन बसायला कुणाला मिळतं? उत्तर त्याच सकाळी मिळालं.

नाणेगुरूचा सुरक्षावर्ग बेकरीतल्याच बाकांवर भरायचा. मुलं दुकानात रचलेल्या पिठाच्या पोत्यांमागे लपून बसली. गॅरेजवाले काका ग्रीसने माखलेल्या हातांनी आले, रंगारीदादांच्या नखांत हिरवा रंग होता, शिंपीणकाकूंच्या बोटांवर खडूची भुकटी. सगळे बसल्यावर गुरूनं पावाची रिकामी टोपली फिरवली.

"सर्वांनी फोन यात टाका! हॅकर मंडळी फोनमधून आपलं बोलणं ऐकतात. आपण टोपली मागच्या खोलीतल्या जुन्या बंद भट्टीत ठेवू. लोखंडाच्या आत हॅकरची लहर शिरत नाही!"

"वा! काय डोकं आहे!" आतोबा म्हणाले आणि त्यांनी पहिला फोन टाकला.

टोपली पोत्यांजवळून मागच्या खोलीकडे गेली, तेव्हा झिपरीनं श्वास रोखून आत बघितलं. एका काचेवर ग्रीसची काळी रेघ, दुसऱ्या काचेवर हिरवी, तिसऱ्या काचेवर खडूची. प्रत्येकानं आपापल्या धंद्याच्या रंगानं आपलं गुपित लिहून दिलं होतं!

वर्ग सुरू झाला. थोड्या वेळानं गुरू म्हणाला, "जरा सुरक्षा तपासून येतो," आणि मागच्या खोलीत गेला. बराच वेळ तो आलाच नाही. बाकावरच्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट शिंपीणकाकू म्हणाल्या, "किती काळजी घेतो ना आपली!"

पोत्यामागे झिपरीनं आपली मूठ चावली.

"आत्ताच ओरडून सांगूया!" अंगणात आल्यावर ती म्हणाली.

"कोण ऐकेल?" वकील म्हणाला. "तो म्हणेल, पोरं बहिणीला वाचवायला थापा मारतायत. तो फोन उघडतो हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. आणि त्या वेळी ताई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असली पाहिजे."

झिपरी क्रेटवर बसून विचार करत राहिली. मग तिनं शेजारी वाळत ठेवलेल्या ट्रेमधल्या पिठात बोट फिरवलं, बाहेरून आत, गोल गोल.

"वकील," ती हळूच म्हणाली, "पिठानं खरं सांगितलं तसं ते खोटंही सांगू शकतं की!"

तिघांची डोकी एकत्र आली. शेपटाला अर्धं कळलं नाही, पण हसायचं कुठे हे त्याला बरोबर कळलं.

ताई वरच्या खोलीत खिडकीशी बसून होती. झिपरीनं तिला अगदी साळसूदपणे विचारलं, "ताई, फोन दुसऱ्या कुणी उघडायला गेलं तर बोंब मारेल असं काही असतं का गं?"

"असतं. चुकीचा पॅटर्न काढला की भोंगा वाजतो आणि समोरच्याचा फोटो निघतो. मी बाबांना कितीदा म्हटलं, बसवून देते. म्हणाले, पोरखेळ आहेत हे." ताईचा आवाज कापला. "कोर्सला हेच सगळं शिकणार होते मी. तुला कशाला हवंय?"

"खेळायला," झिपरी म्हणाली. ताईशी खोटं बोलताना तिला वाईट वाटलं, पण वकिलानं बजावलं होतं की ताईला यातलं काहीही ठाऊक असता कामा नये.

दुपारी आतोबा घोरत असताना शेपटानं फोन उघडला आणि वकिलानं भोंगा बसवला. संध्याकाळी गुरू पाव न्यायला आला. काउंटरवर झिपरी होती. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता ती भाबडेपणानं म्हणाली, "काका, आतोबांना सांगू नका हं मी सांगितलं म्हणून! त्यांनी पुन्हा नाणी घेतलीयत, पहिल्यापेक्षा जास्त. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणाले."

"असं? शहाणी मुलगी आहेस," गुरू म्हणाला. त्यानं शर्टच्या बाहीवरचा न दिसणारा पिठाचा कण झटकला आणि शीळ घालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात ताईला वकिलानं जवळजवळ ओढतच आणलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. आतोबांनी तोंड वाकडं केलं. गल्लीतल्या मंडळींनी तिच्याशेजारची जागा सोडून बसणं पसंत केलं. झिपरीच्या डोक्यात तिडीक गेली, पण तिनं टोपली उचलली. "द्या, मी ठेवते भट्टीत! गुरुजींना किती त्रास!"

मागच्या खोलीत पोचताच तिनं आतोबांचा फोन फ्रॉकच्या टोकानं लखलखीत पुसला. मग पिठाचं बोट टेकवून काचेवर एक छानशी गोगलगाय काढली. कोपऱ्यातून सुरू होऊन, कडेकडेनं फिरत, बरोबर मधल्या ठिपक्यात गुंडाळलेली. फोन टोपलीत अगदी वर ठेवला, टोपली भट्टीत, आणि ती येऊन ताईच्या शेजारी बसली.

गुरू बोलत होता. "विश्वास! आपल्या धंद्यात विश्वास हीच सगळ्यात मोठी सुरक्षा!" शेपटाला हसू आवरेना. वकिलानं त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

"जरा तपासून येतो," गुरू म्हणाला.

मागच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. झिपरीनं ताईचा हात धरला. काहीच घडलं नाही. आणखी काही वेळ काहीच घडलं नाही. भोंगा नीट बसला नसेल तर? गोगलगाय पुसली गेली असेल तर?

प्याँ! प्याँ! प्याँ! प्याँ!

असा भयंकर आवाज बेकरीनं कधी ऐकला नव्हता! बाक उलटले, आत्याच्या हातातला ट्रे खाली पडला आणि सगळी गल्ली मागच्या खोलीत घुसली. गुरू भट्टीसमोर उभा होता. एका हातात आतोबांचा फोन, दुसऱ्या हातानं तो फोनचं तोंड दाबायचा प्रयत्न करत होता. पण फोनला तोंड नेमकं कुठे असतं हे त्याला सापडत नव्हतं.

"आपोआप वाजायला लागला!" तो ओरडला. "मी बंद करायला उचलला, एवढंच!"

"आपोआप?" वकील पुढे झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खरा खटला मिळाला होता. "चुकीचा पॅटर्न काढल्याशिवाय हा भोंगा वाजतच नाही. आणि त्याच वेळी फोटो निघतो. शेपट्या, दाखव!"

शेपटानं काचेला बोट न लावता फोन घेतला, कडेचं बटण सराईतपणे दाबून भोंगा बंद केला आणि पडद्यावर आलेला फोटो सगळ्यांसमोर धरला. जीभ दातांत धरून, डोळे बारीक करून, काचेवर वाकलेला गुरू!

"चुकून बोट लागलं असेल," गुरू म्हणाला. कपाळावर घाम आला होता. "पोरांचे खेळ हे! ही त्या मुलीनंच शिकवलेली—"

"ताईचं नाव घ्यायचं नाही!" झिपरी इतक्या जोरात ओरडली, की आतोबासुद्धा एक पाऊल मागे सरकले. तिनं फोनचा पडदा बंद केला आणि काच उजेडात तिरकी धरली. "आतोबा, ही गोगलगाय बघा. हा तुमचा पॅटर्न आहे का?"

"छे! माझा तर आधी खाली, मग—"

"सांगू नका!" वकील किंचाळला. "फक्त हो की नाही!"

"नाही. असला मी कधी काढलाच नाही."

"कुणीच काढलेला नाही. ही गोगलगाय मी काढली, मघाशी, पिठानं. ताई तेव्हा तुम्हां सगळ्यांसमोर बाकावर बसली होती. आता नीट बघा, गोगलगायीच्या पाठीवरून कुणीतरी बोट फिरवलंय, रेघ फिसकटलीय. तुमच्या पिठाच्या रेघा वाचून फोन उघडायची सवय कुणाला आहे, ते तुम्हीच ओळखा. आणि पावसुद्धा कागदातून घेणाऱ्या या काकांचं बोट बघा!"

सगळ्यांनी बघितलं. त्या स्वच्छ, गोऱ्या बोटाच्या टोकावर पीठ होतं.

गुरूनं दाराकडे झेप घेतली. पण दारात गॅरेजवाले काका उभे होते, आणि ते दारात उभे राहिले की दार असून नसल्यासारखंच.

पोलीस अधिकारी बाई आल्या, त्यांनी गुरूचा फोन उघडायला लावला. गल्लीची बरीचशी नाणी त्याच्याच पाकिटात निघाली. काही त्यानं आधीच विकून चैन केली होती, ती गेली ती गेलीच. जाता जाता बाईंनी मोठ्यांना चांगलंच झापलं. "याला कायदा बघून घेईल. पण फोन आपल्या हातानं टोपलीत टाकून दिलेत तुम्ही! आणि चोरीची तक्रार द्यायचं सोडून घरातल्या मुलीला चोर ठरवलंत? या तीन पोरांकडून शिका काहीतरी!"

मग काय! शाबासकीचा नुसता पाऊस पडला. "काय हुशार पोरं!" "आमची गल्ली वाचवलीत!" आतोबांनी झिपरीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास! मागशील ते बक्षीस!"

झिपरीनं डोकं बाजूला घेतलं.

"मला नको शाबासकी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाजात अजून राग होता. "आम्ही चोर पकडला म्हणून तुम्हाला आनंद झाला. पण ताई अजून तिथेच उभी आहे. तिच्याशी कुणी बोललंय का? तुम्ही तिला सगळ्यांसमोर चोर म्हणालात. आता सगळ्यांसमोर तिची माफी मागा."

मोठ्या माणसाशी असं कुणी बोलतं का, असं एखाद्याला वाटलंही असेल, पण ते बोलून दाखवायची छाती कुणाची झाली नाही.

आतोबा पोत्यांच्या खोलीकडे गेले, कुलूप काढलं आणि लॅपटॉप घेऊन आले. त्यावर पिठाचा थर बसला होता. तो त्यांनी एप्रनच्या टोकानं पुसला, कोपरे पुन्हा पुन्हा पुसले. नंतर वर बघितलं.

"माझं चुकलं, पोरी. तू मला सावध करत होतीस आणि मी तुलाच चोर ठरवलं. अक्कल माझी गेली होती, शिक्षा तुला केली. मला माफ कर."

"माझं त्याहून चुकलं," आत्या मागून म्हणाली. ती हमसून रडत होती. "माझी लेक चोर नाही हे मला माहीत होतं. तरी मी पाठ करून उभी राहिले."

ताईनं लॅपटॉप घेतला. "मला खूप लागलंय ते," ती म्हणाली. "लगेच नाही विसरता येणार."

"नको विसरूस," आतोबा म्हणाले.

"कोर्सला सोडायला तुम्ही दोघांनी यायचं."

"येणार!"

"आणि वाटेत बातम्या लावायच्या नाहीत."

पहिल्यांदा शिंपीणकाकू हसल्या, मग गॅरेजवाले काका, आणि हसता हसता ज्याची त्याची मान खाली गेली, कारण शेजारची जागा सोडून बसलेले सगळे तेच होते. एकेक जण पुढे येऊन ताईची माफी मागू लागला. रंगारीदादांनी विचारलं, "आता हा सुरक्षावर्ग तूच घेशील का गं?"

"घेईन. पहिला धडा आत्ताच. आपापले फोन उचला, काचा पुसा आणि पॅटर्न बदला."

सगळ्यांनी मुकाट्यानं फोन पुसले. आतोबा कोपऱ्यात पाठमोरे उभे राहून बराच वेळ खुडबुड करत होते. मग ते विजयी चेहऱ्यानं वळले. "झाला! आता बघू कोण उघडतंय! इतका अवघड ठेवलाय, आधी वर, मग तिरका—"

"सांगू नका!" सगळी गल्ली एका सुरात ओरडली.

त्या गोंधळात आत्यानं झिपरीच्या हातात काहीतरी ठेवलं. गरम होतं. मग तिनं झिपरीचा एक सणसणीत गालगुच्चा घेतला आणि विचारलं, "बरं, प्रवास कसा झाला?"